देणाऱ्याचं खातं जमा

(कळंब, जि. यवतमाळ येथे ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीदिवशी, मॅडमच्या आठवणीसाठी झालेल्या सभेतलं भाषण. बोलणाऱ्या मैत्रिणीच्या इच्छेनुसार त्यांचं, मॅडमचं आणि इतरांचं नाव दिलेलं नाही.)

मैत्रिणींनो, आणि दाराशी उभ्या असलेल्या भावांनो, आत येऊन बसा. सतरंजी मोठी आहे.

मला भाषण करता येत नाही. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, "भाषण नको, हिशेब दे." म्हणून मी आज हिशेबच देणार आहे. मॅडमकडून काय आलं, त्यांना काय गेलं आणि आपल्याकडे काय बाकी आहे, एवढंच.

मॅडमना तुमच्यातल्या पुष्कळजणी ओळखता. चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यानं आत वळलं की दोन खोल्यांचं कौलारू घर, दारात कडुनिंब, आणि ओसरीवर चष्मा नाकावर घसरलेल्या मॅडम. म्हाताऱ्या बाया त्यांना मास्तरीणबाई म्हणायच्या. त्या खरं म्हणजे प्राध्यापिका होत्या, वाणिज्याच्या. चौतीस वर्षं त्यांनी विदर्भातल्या एका कॉलेजात पुस्तपालन, कंपनी कायदा आणि अंकेक्षण शिकवलं. २००० साली निवृत्त झाल्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून हे घर घेऊन इथं राहायला आल्या. कळंबच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "माझ्या आईचं माहेर इथलं. निदान तिच्या माहेरी तरी मला कुणी जा म्हणणार नाही."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मॅडमचं लग्न एकोणिसाव्या वर्षी, १९५९ साली झालं. वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा तापानं गेला. तेराव्यानंतर सासरच्यांनी एक ट्रंक आणि मॅडमला वडिलांच्या दारात आणून सोडलं. नंतर त्या घरातून कधी पत्र नाही की माणूस नाही. वडील मात्र वेगळे होते. त्यांनी मुलीला पुढं शिकवलं. बी.कॉम.च्या वर्गात सगळी मुलं, त्यात ही एकटी, पांढऱ्या साडीत. नागपूर विद्यापीठाची एम.कॉम. झाली, नोकरी लागली. स्टाफरूममध्ये बायकांसाठी वेगळी जागा नव्हती, म्हणून पहिली दोन वर्षं त्या ग्रंथालयात बसायच्या. "त्यामुळे वाचन झालं," एवढंच त्या सांगायच्या. तक्रार करायची सवय नव्हती. पुढे मी सांगणार आहे की ही सवय नसणं त्यांना महागात पडलं.

आता माझं सांगते, कारण मॅडमची आणि माझी गाठ माझ्या अडचणीतून पडली.

माझं गाव इथून नऊ किलोमीटर. आमची कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. २००६ सालच्या दिवाळीआधी माझे मालक गेले. कसे गेले ते या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ ला गेले. राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून त्यांचं नाव घेतात. पण त्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांची बायको आणि चार लेकरंही गेली. मोजताना आपण एक मोजतो. मॅडमना ही गोष्ट फार लागायची. त्या म्हणायच्या, "सहा माणसं गेली आणि नोंद एकाची. ही कुठली कीर्द?"

माझे मालक गेले तेव्हा मदतीचा शासन निर्णय होता. एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. माझं प्रकरण गेलं आणि परत आलं. वर शिक्का 'अपात्र'. कारण काय? कर्ज बँकेचं किंवा सोसायटीचं नव्हतं, परवाना असलेल्या सावकाराचंही नव्हतं. होतं ते कृषिकेंद्राच्या उधारीचं आणि गावातल्या एका माणसाचं, तोंडी. मरण खरं होतं, कर्ज खरं होतं, घरी मागायला येणारा माणूस खरा होता. कागद तेवढा नव्हता.

गटातल्या एका बाईनं मला मॅडमकडे आणलं. मी रडायला लागले. मॅडमनी पाण्याचा तांब्या पुढं केला, मला रडू दिलं, आणि मग विचारलं, "उधारीची चिठ्ठी कुठाय? चुकाऱ्याच्या पावत्या कुठायत? सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत?" मला तेव्हा राग आला. मी नवरा गमावून आले होते आणि ही बाई पावत्या विचारत होती. पण घरी गेल्यावर मी पत्र्याची पेटी उघडली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या पेटीत माझ्या नावाचा एकच कागद होता: रेशनकार्डावरची एक ओळ.

पेरणी मी केली, निंदण मी केलं, वेचणी मी केली. एकाधिकार खरेदीच्या काळात कापूस गाडीत भरताना माझे हात सोलायचे. चुकारा आला की तो सासऱ्यांच्या नावे. याचा मी कधी विचारही केला नव्हता. विचार करायचा असतो हेच माहीत नव्हतं.

मॅडम दर गुरुवारी दुपारी आम्हाला शिकवू लागल्या. आधी पाच-सहा जणी होतो, नंतर ओसरी पुरेना. बचतगटांचं वारं तेव्हा जोरात होतं. नाबार्डनं १९९२ साली पाचशे गटांचा प्रयोग सुरू केला, तो दहा-पंधरा वर्षांत गावोगाव पसरला. बँकेचे साहेब येत, फोटो निघत, कर्ज मिळे. पण गटाची वही कोण लिहायचं? कुणाचा नवरा, कुणाचा दीर, नाहीतर ग्रामपंचायतीचा शिपाई. मॅडमची पहिली अट हीच, की वही बाईनं लिहायची. चुकली तरी चालेल, खाडाखोड झाली तरी चालेल, पण अक्षर बाईचं पाहिजे.

"मॅडम, आमाले लिहिता येत नाही." "अंगठ्यानं सही करता ना? मग त्याच हातानं आकडे शिका. नऊच तर आहेत, आणि एक शून्य."

दुहेरी नोंदीचं शास्त्र त्यांनी आम्हाला चुलीपुढच्या भाषेत सांगितलं. १४९४ साली इटलीत पाचोली नावाच्या एका साधूनं ते पहिल्यांदा छापून पुस्तकात मांडलं. सगळ्या जगाचा व्यापार आजवर त्यावर चालतो. त्यातला एक नियम त्यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता, शेवटपर्यंत पुसला नाही: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा.

"म्हणजे काय?" त्या विचारायच्या. "ज्यानं घेतलं, त्याच्या खात्यावर लिहायचं की यानं घेतलं. ज्यानं दिलं, त्याच्या खात्यावर लिहायचं की यानं दिलं. दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. एकच बाजू लिहिली तर ती वही खोटी." मग थांबून म्हणायच्या, "आता सांगा, तुम्ही सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत जे देता, ते कुणाच्या वहीत जमा आहे?"

त्यांनी आम्हाला एक आठवडा दोन वह्या ठेवायला लावल्या. एकीत पैशाचा हिशेब, दुसरीत वेळेचा. पाणी भरणं, शेण काढणं, सैपाक, धुणं, लेकराचं दुखणं, सासूचे पाय दाबणं, मग वावरात जाणं, परत येऊन पुन्हा चूल. माझ्या वहीत दिवसाचे साडेपंधरा तास आले. त्यातल्या मजुरीच्या सहा तासांचे पैसे दिसत होते. बाकीच्या साडेनऊ तासांपुढं मॅडमनी लाल शाईनं लिहिलं, 'नोंद नाही'.

हे आमचंच रडगाणं आहे असं कुणाला वाटेल, म्हणून सरकारचा आकडा सांगते. २०१९ साली केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. ते काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. आमच्या ओसरीवर हे गणित त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच झालं होतं.

आणि बाईच्या कामाची किंमत कधी ठरते ठाऊक आहे? ती मेल्यावर. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागली आणि पुष्कळ बाया-लेकरं गेली. भरपाईचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. गृहिणीची कमाई काय धरायची? २००१ साली कोर्टानं तिच्या घरकामाचे महिन्याला तीन हजार रुपये धरले. मॅडमनी हा निकाल आम्हाला वाचून दाखवला आणि वही मिटली. म्हणाल्या, "जळून गेल्यावर तीन हजार. जिवंतपणी विचारलं तर म्हणतात, ही काही करत नाही, घरीच असते."

माझ्या नावाचं काय झालं ते सांगते. जमीन वडिलोपार्जित होती. नवऱ्यामागे त्याच्या हिश्श्यात माझा आणि माझ्या दोन लेकरांचा हक्क होता. वारस म्हणून नोंद लावायला तलाठ्याकडे अर्ज द्यायचा होता. मी घरी विषय काढला. मामाजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "नाव कायले लागते तुले? जेवाले घालतोच आहो ना?" मला उत्तर सुचलं नाही. मी मॅडमना येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, जेवायला मीच घालते. नाव तेवढं तुम्ही लावा."

मी असं सांगितलं नाही. माझी हिंमत नव्हती. पण अर्ज दिला. सहा महिने कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पाच वेळा खेटे घातले, कधी साहेब नाहीत, कधी कागद कमी. मॅडम प्रत्येक वेळी पोच घ्यायला लावायच्या: "अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाहीस असं समज." २००९ साली फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर माझं नाव पाहिलं तेव्हा मी ते बोटानं चाचपलं. कागद गुळगुळीत होता, नाव हाताला लागलं नाही, पण होतं.

मामाजींनी तो कागद दोन दिवस पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "तुयाच नावाचं शब्दलेखन चुकलं हाय, दुरुस्त करून घे." मैत्रिणींनो, माणसं अशीही बदलतात. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या.

आता मॅडमच्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही त्यांना शोभणाऱ्या नाहीत. पण सभेत फक्त गोडगोड बोललं तर तीही एका बाजूची वही होईल.

पहिली गोष्ट. मॅडमकडे घरकामाला एक ताई यायच्या. त्या इथं समोर बसल्या आहेत, त्यांना विचारूनच मी सांगते आहे. दुसऱ्या वस्तीतल्या, बौद्ध. मॅडमच्या घरी त्यांचा कप वेगळा होता, मोरीजवळच्या खुंटीवर टांगलेला. आम्ही सगळ्या स्टीलच्या कपातून चहा प्यायचो, त्या त्या कपातून. मला ते दिसत होतं. मी बोलले नाही. आमच्या घरीही तसंच होतं. एका गुरुवारी 'घेणाऱ्याच्या नावे' चालू असताना ताई झाडू खाली ठेवून म्हणाल्या, "मॅडम, सगळं समजलं. फक्त माह्या कपाचं खातं वेगळं काऊन?"

ओसरी गप्प झाली. मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. त्या दिवशी वर्ग तिथंच संपला. पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा खुंटी उपटलेली होती, भिंतीत भोक दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, "तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की चूक सापडली की लपवायची नाही, दुरुस्तीची नोंद करायची. मी स्वतः चुकले. मला क्षमा करा असं मी हिला सांगितलं आहे. ती करेल की नाही हा तिचा प्रश्न." ताईंनी क्षमा केली की नाही ते मी विचारलं नाही. त्या काम करायला येत राहिल्या आणि त्यानंतर वर्गातही बसू लागल्या. आज गटाची खतावणी त्याच लिहितात.

दुसरी गोष्ट मॅडमनी स्वतः सांगितली, २०११ साली, मुलींच्या हक्कावर चर्चा चालली होती तेव्हा. कायदा त्या समजावत होत्या. महाराष्ट्रानं १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशासाठी दुरुस्ती झाली आणि लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला. (पुढे २०२० साली सुप्रीम कोर्टानं हेही स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे.) आणि वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल, मृत्युपत्र केलेलं नसेल, तर मुलीला समान वाटा १९५६ पासूनच आहे.

एका पोरीनं विचारलं, "मॅडम, तुमाले किती भेटलं?"

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काही नाही." १९७८ साली त्यांचे वडील गेले. स्वकष्टानं घेतलेली पंधरा एकर जमीन. आई, तीन भाऊ आणि मॅडम, असे पाच वारस. प्रत्येकी तीन एकर. त्या वेळी मॅडम कॉलेजात कायदा शिकवत होत्या. पंधराव्या दिवशी थोरल्या भावानं हक्कसोडपत्र आणलं. "ताई, इथं सही कर." त्यांनी न वाचता सही केली.

"मी पोरांना सांगायची, न वाचता सही करणारा व्यापारी बुडतो. आणि मी वाचलं नाही. कारण वाचलं असतं तर मला समजलं असतं, आणि समजलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं. एकदा सासर तुटलेलं होतं. दुसऱ्यांदा माझ्यात बळ नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं की माहेर तसंही टिकलं नाही. आई गेल्यावर चार-पाच वर्षांत येणंजाणं थांबलं. रागानं नव्हे, आपोआप. तीन एकर देऊन जे विकत घेतलं होतं ते हातात आलंच नाही.

सभेत कुणाच्या डोळ्याला डोळा लागेना. आमच्यातल्या निम्म्याजणींनी असाच कागद दिलेला होता. भावाच्या चोळी-बांगडीसाठी, दिवाळीच्या एका लुगड्यासाठी, "भाऊ वाईट म्हणेल" म्हणून. शिकलेली बाई फसणार नाही असं आपण मानतो. मॅडमना कायदा पाठ होता. अक्षर यायचं, आकडा यायचा, कलम यायचं. तरी हात पुढं झाला. म्हणजे नुसतं माहीत असून भागत नाही. नाही म्हणताना मागे कुणी तरी उभं असावं लागतं. १९७८ साली मॅडमच्या मागे कुणी नव्हतं. आपण गट काढतो तो कर्जासाठी नव्हे बायांनो, यासाठी काढतो.

शेतकरी संघटनेनं नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, बायकोच्या नावे जमीन करा म्हणून. पुष्कळ शेतकऱ्यांनी केलीही. मॅडम त्याला मान द्यायच्या, पण पुढं एक वाक्य जोडायच्या: "नवऱ्यानं दिलं ते चांगलंच. पण जे आपलंच आहे ते दिलं असं म्हणू नये. परत केलं म्हणावं."

आता शेवटचा हिशेब. मॅडम २०२४ च्या पावसाळ्यात गेल्या. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली. त्यानंतर एकदा आम्ही त्यांना स्टेशनवर गाडी दाखवायला नेलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, तिकिटाचा कागद हातात घेऊन आधी रक्कम तपासली, मग गाडीकडे पाहिलं.

त्याच्या बऱ्याच आधी, २०१० साली, त्यांनी मृत्युपत्र केलं होतं. त्याला निमित्त झालं एका निकालाचं. २००९ सालचा, सुप्रीम कोर्टाचा. एक बाई, लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली, सासरच्यांनी हाकललं, माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी केली, पैसा साठवला. मृत्युपत्र न करता गेली. तिची कमाई कुणाला मिळाली? नवऱ्याच्या वारसांना. ज्यांनी तिला घराबाहेर काढलं त्या घराला. कोर्टाचं म्हणणं पडलं की सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, कायदा तसा आहे. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५. मूलबाळ नसलेल्या विधवेनं स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या माहेरचे त्यांच्या मागे.

मॅडमनी तो निकाल वाचला आणि म्हणाल्या, "ही तर मीच." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात मृत्युपत्र लिहिलं. दोन साक्षीदारांपैकी एक मी. नंतर नोंदणीही करून घेतली. घर, त्यांनी लिहिलं, घरकाम करणाऱ्या ताईंच्या नावे. पुस्तकं आणि लोखंडी कपाट गटाला. आणि कारणही लिहिलं, एका ओळीत: 'वीस वर्षं दिलं त्या मानानं हे कमीच आहे, जमेची नोंद पुरी व्हावी म्हणून.' त्यात वीस हा आकडा चुकला होता. ताईंना तेव्हा दहाच वर्षं झाली होती. मी दाखवलं तर म्हणाल्या, "अजून दहा देणार आहे ती. आगाऊ जमा." ताईंनी त्यानंतर चौदा वर्षं दिली. मॅडमच्या शेवटच्या आजारात दोन महिने त्यांची आंघोळ, त्यांचं खाणंपिणं, सगळं ताईंनी केलं.

मॅडम गेल्यावर महिन्याभरात त्यांच्या भाच्यांची नोटीस आली. आत्याचं घर परक्या बाईला कसं मिळतं? गावातही कुजबुज आहे, मी ऐकते. 'कामवालीनं म्हातारीला गुंडाळलं.' ते बोलणाऱ्यांना मी इथून उत्तर देते. मॅडमनी मृत्युपत्र केलं तेव्हा ताईंना ठाऊकही नव्हतं. आणि भाच्यांनो, हे मृत्युपत्र नसतं तर हे घर तुम्हालाही मिळालं नसतं. ते गेलं असतं १९६० साली ट्रंक दारात ठेवून गेलेल्या घराकडे. आत्यानं तुमचं काही घेतलेलं नाही. तिचे तीन एकर तुमच्या वडिलांकडे आहेत, त्याची पावतीही तिनं मागितली नाही.

नोटिशीला वकिलामार्फत उत्तर गेलं आहे. काय होईल ते होईल. ताई घाबरल्या आहेत, मला म्हणाल्या, "सोडून देऊ का व माय, कोण कोर्टाच्या पायऱ्या चढते?" मी म्हटलं, मॅडमनी एकदा असंच सोडून दिलं होतं. तुम्ही सोडू नका. या वेळी मागे उभं राहायला आम्ही आहोत. तुम्ही आहात की नाही, हे मला आज या सभेत विचारायचं आहे.

(सभेतून "आहोत" असा आवाज.)

मग ऐका. मॅडमचा फोटो लावून, हार घालून आपण घरी गेलो तर त्या वरून विचारतील, पोच कुठाय? म्हणून आपण एक काम ठरवलं आहे. पुढच्या गुरुवारपासून ओसरीवरचा वर्ग पुन्हा सुरू. पहिले चार गुरुवार फक्त कागद पाहायचे. प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक आणि असेल तर विम्याचा कागद आणायचा. आपलं नाव कुठं आहे आणि कुठं नाही, हे आधी पाहू. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नावही येतं, चांगली गोष्ट आहे. पण लेकराच्या नावात आलेली आई सातबाऱ्यावर आहे का, तेही बघू.

पाचव्या गुरुवारी मृत्युपत्र. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मृत्युपत्र केलं म्हणून माणूस लवकर मरत नाही, मॅडम चौदा वर्षं जगल्या. स्टँप पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं पाहिजे. ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्यांच्याकडे द्यायला काही नाही असं वाटतं त्यांनीही यावं. एक शेळी असली, दोन भांडी असली, गळ्यातलं डोरलं असलं, तरी ते कुणाला जावं हे बाईनं स्वतः सांगावं.

आणि ज्यांच्यापुढं भाऊ, दीर, मुलगा, कुणीही, कागद धरील, त्यांनी एवढंच म्हणायचं, "गुरुवारी दाखवून आणते." नाही म्हणायचं बळ नसेल तर नका म्हणू. फक्त गुरुवारपर्यंत थांबवा. पुढचं आपण मिळून पाहू.

माझा हिशेब संपला. मॅडमकडून मला काय मिळालं ते मी सांगितलं, माझ्या नावे ते लिहून घ्या. फेडायचं आहे ते बाकी आहे.

आता चहा होईल. ताईंच्या घरी. कप मोजून ठेवले आहेत, सगळे सारखे आहेत.